सकाळचे निवेदक बदलले, कुणी काही सांगितलं नाही. रेडिओ केंद्राला पत्र लिहायचंय, काय लिहू?

मागवाली_वडगाव

नमस्कार. बेळगावातल्या सामुदायिक रेडिओ केंद्रावरचा सकाळचा कार्यक्रम ऐकणारं इथे कुणी आहे का? केंद्राचं आणि जुन्या निवेदकांचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला भांडण लावायचं नाही. ऐकणाऱ्यांना कळेलच.

गेल्या महिन्यात एका सोमवारी सात वाजता रेडिओ लावला तर आवाज वेगळा. एक मुलगी बोलत होती. आम्हाला वाटलं, सर गावाला गेले असतील, नाहीतर घसा बसला असेल. जुलैत इथे पाऊस आठ-आठ दिवस थांबत नाही, घसे बसतातच. मंगळवारी तीच, बुधवारी तीच. आठवडा गेला. सरांचं नाव एकदाही निघालं नाही, की 'आजपासून मी तुमच्या सोबत' असंही ती म्हणाली नाही. सासूबाई रोज कन्नडमध्ये विचारायच्या, "सर एल्ली होदरु?", सर कुठे गेले? मी काय सांगणार?

आमच्या घरी यंत्रमाग आहेत. माग सुरू झाले की शेजारच्यानं कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून माग सुरू व्हायच्या आधीचा, कांड्या भरायचा (बाण्याचं सूत कांडीवर गुंडाळायचा) तासाभराचा वेळ तेवढा आमचा रेडिओचा. सासूबाई दाराशी कांड्या भरत बसतात, मी आत मुलांचे डबे करते. त्यांचं माहेर बैलहोंगलकडचं, माझं कंग्राळीचं. त्या कन्नडमध्ये बोलतात, मी मराठीत, आणि आमचं कधी अडलेलं नाही. सरांचा कार्यक्रम असाच होता. प्रत्येक वाक्य दोनदा सांगायचे असं नव्हे. पावसाचं कन्नडमध्ये सांगितलं तर भाजीचा भाव मराठीत, आणि फोन करणारा ज्या भाषेत बोलेल त्याच भाषेत त्याला उत्तर. कुणाला ते खटकलेलं मी ऐकलं नाही. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवरून काय काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या एका तासात तसलं काही नसायचं.

आणि कामाचं असायचं. राकसकोपच्या धरणात पाणी किती चढलं, आज कुठल्या भागाला नळ सुटणार, हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, काम कुठे आहे आणि वीज किती वाजेपर्यंत जाणार. उद्या दहा ते चार वीज नाही हे आदल्या सकाळी कळलं, तर आम्ही त्याच रात्री माग चालवून व्यापाऱ्याची साडी वेळेत देतो. कळलं नाही तर दिवस गेला, वर कामगाराला बसवून ठेवायचं. बळ्ळारी नाला भरला की येळ्ळूरच्या बाजूच्या भातात पाणी शिरतं, तेही ते सांगायचे. मंगाईच्या यात्रेच्या दिवशी गाड्या कुठून वळवल्यात हे दर वर्षी त्यांच्याकडूनच कळायचं. यंदा काहीच कळलं नाही. माझा नवरा सुताची पोती घेऊन टेम्पोत अडकून बसला.

नवीन मुलगी वाईट नाही, हे मला स्पष्ट सांगायचंय. आवाज गोड आहे, गाणी चांगली निवडते, वेळेवर येते. पण पाणी, वीज, रस्ते सगळं गेलं. त्याजागी 'आज तुम्हाला कुणाचे आभार मानायचेत' असा विषय आणि त्यावर फोन. शिवाय बोलणं सगळं पुण्याच्या वळणाचं. सासूबाईंनी आता रेडिओ लावा म्हणायचं सोडलंय.

मी केंद्रात फोन केला. ज्यांनी उचलला ते म्हणाले, "आम्हाला बातम्या द्यायची परवानगी नाही." मग इतकी वर्षं सर देत होते ते काय होतं? सरांचं विचारलं तर म्हणाले, "ते आता नाहीत." माझ्या काळजात धस्स झालं. मग म्हणाले, "म्हणजे इथे नाहीत."

मला नीट पत्र लिहायचंय. केंद्रावर ऐकणाऱ्याचा काही हक्क असतो का, की ते देतील ते ऐकायचं? आणि त्या मुलीला न दुखावता हे कसं लिहावं?


जुना_माईकवाला_टिळकवाडी

ताई, पत्र जरूर लिहा. मी आकाशवाणीच्या एका केंद्रावर बरीच वर्षं नैमित्तिक निवेदक होतो, त्यामुळे थोडं सांगू शकतो.

आकाशवाणीत आम्हा नैमित्तिकांना महिन्याला सहाच ड्यूट्या. सकाळच्या सभेला आज एक, उद्या दुसरा. लोक केंद्र ओळखायचे, आवाजही ओळखायचे, पण एका माणसावर सगळं उभं नसायचं. निवेदक गेला तरी क्यू शीट, म्हणजे कार्यक्रमांच्या क्रमाचा कागद, तीच, बातम्यांची वेळ तीच, हवामानाचा कागद तोच. सामुदायिक केंद्राचं तसं नसतं. माणसं चार, पगार थोडा, बरेच जण विद्यार्थी नाहीतर हौसेनं येणारे. त्यातला एक उठून गेला की त्यानं बसवलेली सगळी घडी त्याच्याबरोबर जाते.

आता हक्काचं. रेडिओच्या लहरी कुणाच्या मालकीच्या नाहीत, त्या सार्वजनिक मालमत्ता आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ च्या निकालात म्हटलं. त्यानंतर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना अशी केंद्रं काढायची मुभा मिळाली. शक्ती साधारण १०० वॅट, मनोरा ३० मीटरपर्यंत, म्हणून आवाज दहा-एक किलोमीटरच्या आत. हे मुद्दाम असं ठेवलंय. केंद्र त्या दहा किलोमीटरमधल्या माणसांसाठी आहे. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत, आणि शक्यतो त्यांच्याच भाषेत, बोलीत. तेव्हा तुमच्या सासूबाईंचं म्हणणं ऐकून घेणं हे केंद्राचं कामच आहे.

बातम्यांचं उत्तर तुम्हाला अर्धंच मिळालं. राजकीय घडामोडी, केंद्रानं स्वतः केलेल्या बातम्या यांना मनाई आहे हे खरं. पण हवामान, वाहतूक, सण-यात्रा, परीक्षा आणि प्रवेश, नोकरीच्या जागा, आणि स्थानिक प्रशासनानं दिलेली वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती, आरोग्य यांबद्दलची निवेदनं या सगळ्याला नियमात बातमी धरत नाहीत. ते सांगायला पूर्ण मुभा आहे. तुमचे सर सांगत होते ते नियमात बसून सांगत होते.

अजून एक, आणि याला घाई करा. प्रसारित झालेले कार्यक्रम केंद्राला तीन महिने जपून ठेवावे लागतात. म्हणजे सरांचे शेवटचे कार्यक्रम आज तिथे आहेत. पुढे पुसले जातील.


बिडीवाले_निपाणी

ताई, राग मानू नका, पण माझं जरा वेगळं मत आहे.

आमच्याकडं तुमचं केंद्र लागत नाही. आम्ही पहिल्यापासून सांगली आकाशवाणीवाले, १२५१ वर. नंतर कोल्हापूरचं १०२.७ आलं. वखारीत तंबाखूचं काम चालायचं आणि खांबाला रेडिओ टांगलेला. किती आवाज आले आणि गेले. प्रत्येक वेळी बायका म्हणायच्या, हा नवा काय बरा नाही. दोन-तीन महिन्यांत त्याच म्हणायच्या, आज तो का नाही आला? आवाजाची सवय होते. त्या पोरीला थोडा वेळ द्या.

२०१९ च्या ऑगस्टात यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं. पुढं कोल्हापूरकडं पण रस्ता बंद. आमचा माल भरलेला ट्रक मधेच अडकला, ड्रायव्हरचा फोन लागत न्हवता. त्या चार दिवसांत रेडिओवर कोण बोलतंय ते मला आज विचारलं तर सांगता येणार नाही. बाई होती की बाप्या तेही आठवत नाही. पाणी उतरतंय का, गाड्या कधी सोडणार, एवढंच कान देऊन ऐकत होतो. म्हणून म्हणतो, माणसासाठी भांडू नका. पाणी-विजेसाठी भांडा. तुमचा तो मुद्दा सोळा आणे खरा आहे.


नवा_आवाज

मी ती मुलगी नाही, हे आधी सांगते. पण मी अगदी तिच्या जागी होते, म्हणून लिहावंसं वाटलं.

शिकत असताना एका कॅम्पस केंद्रावर मला सकाळचा तास मिळाला. शुक्रवारी संध्याकाळी सांगितलं, सोमवारपासून तू. आधीचे निवेदक बारा-पंधरा वर्षं तो तास करत होते. सूचना एकच होती: त्यांचं नाव घ्यायचं नाही, श्रोते गोंधळतात. कुणी विचारलं तर 'रजेवर आहेत' म्हणायचं. मी तसंच म्हणत होते. रोज निदान चार फोन यायचे, "सर कुठं गेले?", "बरे आहेत ना?" एका काकांनी तर मला विचारलं, "बाळ, तू खोटं का बोलतेस?" फोन ठेवला आणि गाणं संपेपर्यंत मला बोलताच येईना.

तुमच्या वडगावच्या मुलीचं मला माहीत नाही. पण ती नाव घेत नाही ते तिच्या मनानं नसावं असं मला खात्रीनं वाटतं.

पाणी-विजेचं का गेलं तेही सांगते. मला चावी मिळाली, हेडफोन मिळाला, गाण्यांचं फोल्डर मिळालं. वही मिळाली नाही. त्या सरांची एक लांबोडी वही होती, दुकानातल्या उधारीच्या वहीसारखी. पाणीपुरवठ्याचा वॉल्वमन कोण, त्याला सहाच्या आत फोन करायचा की नंतर. वीज मंडळाच्या तक्रार कक्षात रात्रपाळीला कोण असतं. डेपोतला कंट्रोलर. भाजी मार्केटमधला एक हमाल, जो पहाटे पाचला भाव सांगायचा आणि त्याबद्दल त्याला कधी काही नको असायचं, फक्त वर्षातून एकदा त्याच्या मुलीच्या वाढदिवसाला गाणं. सकाळचा तास म्हणजे ती वही होती. माझ्याकडे ती नव्हती, म्हणून मीसुद्धा 'आज तुमचा मूड कसा आहे' असले विषय घेऊन साठ मिनिटं भरत होते. दुसरं काय करणार? सात वाजता दिवा लागतो आणि बोलावंच लागतं.

शेवटी मीच त्यांचा पत्ता काढून घरी गेले. मला वाटलं होतं, दारातूनच परत पाठवतील. त्यांनी बसवलं, चहा दिला, वही समोर ठेवली आणि म्हणाले, "उतरून घे. पण नुसते नंबर घेऊ नकोस, प्रत्येकाला एकदा भेटून ये. फोनवरच्या अनोळखी मुलीला वॉल्वमन खरं सांगत नसतो." मी भेटून आले. त्यातल्या निम्म्यांनी पहिल्यांदा विचारलं ते सरांबद्दलच.

निपाणीचे काका म्हणतात ते पटलं, पण पूर्ण नाही. माणूस आणि पाणी-वीज वेगळी करता येत नाहीत. सरांना निरोप न देता काढलं, म्हणून वही गेली. बोलावून, मान देऊन निरोप दिला असता तर वही आपोआप माझ्या हातात आली असती.


सीमाभागी

ताई, एक सुचवतो. पत्र लिहिताच आहात तर त्यात हेही घाला की हा सकाळचा तास पूर्ण मराठीत करा. आपल्या हक्काचं एवढं तरी असावं. सगळीकडे मराठी कमी होत चालली आहे, कार्यालयांत तर नाहीच. रेडिओवर पण अर्धीच का?


मागवाली_वडगाव

@सीमाभागी दादा, तुमची कळकळ मला समजते. माझी मुलं मराठी शाळेत आहेत, आणि त्या शाळेत पट कमी होतोय हे मी रोज बघते. पण हे पत्रात घालणार नाही. माझ्या दारात बसून कांड्या भरणारी बाई त्या तासातून बाहेर जाईल असं मी स्वतःच्या हातानं कसं लिहू? मराठी त्या तासात होती, भरपूर होती, आणि कुणाला न ढकलता होती. मला तीच परत हवी आहे. नवीन मुलीच्या बोलण्यात आपली इथली मराठी यावी, 'पाऊस पडूलाय' असं रेडिओवर ऐकू यावं, एवढं मात्र मी नक्की लिहीन.

@नवा_आवाज ताई, तुमचं वाचून मी सासूबाईंना कन्नडमध्ये सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या पोरीला घरी जेवायला बोलव. खरंच बोलावणार आहे. वहीचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मला वाटत होतं मुलीला या गोष्टींची किंमत नाही. तिच्याकडे नंबरच नसतील तर ती काय करेल?

@जुना_माईकवाला काका, नियमांचं लिहिलंत ते फार उपयोगी पडलं. आता पत्र असं लिहिलंय, बघा:

"मा. केंद्रप्रमुख यांस, सप्रेम नमस्कार.

आम्ही वडगाव, शहापूर, अनगोळ भागातले तुमचे रोजचे श्रोते. सकाळच्या कार्यक्रमाचे निवेदक बदलले, याबद्दल आमची तक्रार नाही. ते कुठे गेले, बरे आहेत का, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, याचं वाईट वाटतं. आम्ही त्यांच्याशी रोज बोलत होतो. त्यांना एकदा कार्यक्रमात बोलवावं, नवीन निवेदिकेच्या शेजारी बसवावं आणि दोघांनी मिळून तो तास करावा. आम्हाला त्यांना आभार म्हणायचेत, आणि त्यांनी तिची ओळख करून दिली तर आम्हीही तिला आपली मानू. ते येऊ शकत नसतील तर त्यांचा शेवटचा कार्यक्रम, जो तुमच्याकडे जपलेला असेल, तो एकदा लावावा.

पाणी, वीज, रस्ते, पाऊस यांची माहिती पुन्हा सुरू करावी. प्रशासनानं दिलेली अशी माहिती सांगायला नियमाची आडकाठी नाही. ही माहिती जुने निवेदक कुणाकडून घेत होते ती यादी नवीन निवेदिकेला मिळावी. माणसं भेटवून द्यायला आमच्यातले दोघे-तिघे तिच्याबरोबर यायला तयार आहेत. कार्यक्रम पूर्वीसारखा दोन्ही भाषांत असावा."

अजून काही घालू का? मुलीबद्दल यात काही लागणारं नाही ना?


नवा_आवाज

काही लागणारं नाही. उलट 'तिच्याबरोबर यायला तयार आहेत' हे वाक्य मला तेव्हा कुणी लिहिलं असतं तर मी ते पत्र जपून ठेवलं असतं.

फक्त एक बदल करा. पत्राची एक प्रत तिच्याही नावानं द्या. नाहीतर ते वरच राहतं आणि तिला फक्त एवढंच सांगतात, 'तुझ्याबद्दल तक्रार आली आहे.' माझ्या बाबतीत असंच झालं होतं.


जुना_माईकवाला_टिळकवाडी

पत्र उत्तम आहे. एक गोष्ट जोडा, आणि ही मी नीट माहीत असल्याशिवाय सांगत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत सामुदायिक रेडिओचे सुधारित नियम आले. जाहिरातीला तासाला १२ मिनिटांपर्यंत वेळ मिळाला, त्याची चर्चा झाली. पण त्यात असंही आहे की केंद्राच्या सल्लागार आणि आशय समितीत निम्म्या तरी स्त्रिया असल्या पाहिजेत. काय प्रसारित करायचं हे ठरवण्यात या समितीचा वाटा असतो. तेव्हा पत्रात विचारा: समितीत सध्या कोण आहे, आणि वडगाव-शहापूरच्या माग चालवणाऱ्या बायकांपैकी कुणी आहे का? नसेल तर तुमचं नाव सुचवा.

पुढच्या वेळी निवेदक बदलायची वेळ आली तर ते आधी तुम्हालाच कळेल.


बिडीवाले_निपाणी

नवीन पोरीनं सांगितलेलं वहीचं वाचून मी गप्प झालो. आमच्या वखारीत जुना मुकादम गेला तेव्हा असंच झालं होतं, कुठल्या गावचा माल कुणाकडून घ्यायचा ते त्याच्या डोक्यातच राहिलं. ताई, माझी सही चालत असेल तर घ्या. तुमचं केंद्र मला लागत नाही, तेव्हा श्रोता म्हणून नको, पण पाठिंबा म्हणून खाली लिहा.


मागवाली_वडगाव

सही घेते काका.

समितीचं मी घरी विचारलं. नवरा म्हणाला, बैठक सकाळी नसेल तर जा, सकाळी कांड्या कोण भरणार? सासूबाई म्हणाल्या, मी भरीन, तू जा. तर नाव घातलंय. माझ्याबरोबर गल्लीतल्या अजून दोघींचंही घातलंय, एक कन्नड बोलणारी आहे.

प्रत त्या मुलीलाही देणार. शुक्रवारी दुपारी, वीज जाते त्या वेळेला, मंगाईच्या देवळासमोर सह्या घेते. वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूर, धामणे, कुणीही या. येळ्ळूरवाल्यांनी नाल्याच्या पाण्याचं आपल्या शब्दांत दोन ओळी लिहून आणल्या तर त्या पत्राला जोडीन. शनिवारी सकाळी मी स्वतः केंद्रात नेऊन देणार आहे आणि पोच घेणार आहे. काय झालं ते इथेच लिहीन.